ध्यान ठेवजो

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी आईवडिलांच्याही आधी दत्तोपंत वकिलांचे नाव घेतो. आईची त्याला हरकत नाही. ती म्हणते, "तुह्यं डोकं त्यायनंच जाग्यावर आणलं."

वकीलकाका अमरावतीला आपल्या ओसरीवर पक्षकारांशी बोलत, तेव्हा त्यांच्या अंगात काळा कोट असे आणि पाय ओल्या काळ्या मातीच्या घमेल्यात. नवा पक्षकार बिचकून खाली पाहू लागला की ते म्हणत, "इकडं पाहा. खाली माह्यं वेगळं काम चालू आहे." कितीतरी वर्षे ते भुवयांच्या मध्ये चित्त लावून ध्यान करीत आले होते. त्यापायी डोके इतके जड झाले की कोर्टात न्यायाधीश दिसत, पण ऐकू येत नसत. मग त्यांनी लक्ष तळपायांत आणून ठेवायचे ठरवले. ते पुन्हा वर पळू नये म्हणून ही माती.

मी तिवशाकडचा शेतकऱ्याचा मुलगा. काका नात्याचे नव्हेत, वडिलांचे वकील; विधुर, घर मोठे. कॉलेजसाठी त्यांनी मला ठेवून घेतले होते. आमच्या घराण्यात बी.ए.पर्यंत पोचलेला मी पहिलाच. ध्यानाशिवाय विद्वत्ता येत नाही, अशी माझी समजूत झाली आणि मी पहाटे गुपचूप भुवया आवळून बसू लागलो. परीक्षा जवळ आली तसे कपाळावर कोणी ओला फेटा करकचून बांधतो आहे असे वाटू लागले. कुंडलिनी जागी झाली असे समजून मी आणखी जोर लावला. पुस्तकातली ओळ डोळ्यांपुढे थांबेना. शेवटी परीक्षेला बसत नाही, असे रडत सांगितले.

काका म्हणाले, "वर काहून चढून बसला? खाली उतर."

दुसरे घमेले आले. पहाटे भुवया आवळून बसणे बंद झाले. सकाळी अनवाणी चालायचे, लक्ष तळपायांत, कपाळ आणि जबडा सैल. मग पोटभर भाकर. आम्हा दोघांना रस्त्याने पाहून शेजारच्या काकू म्हणत, "एक ध्यान होतंच, आता जोडी झाली." हळूहळू फेटा सुटला. मी पास झालो.

अकोल्याला मास्तरकी मिळाली. मोटार स्टँडवर पोचवायला आलेले काका एवढेच म्हणाले, "ध्यान ठेवजो, बाबू."

मी ती गुरूची आज्ञा मानली. भाड्याच्या खोलीत रोज घमेल्यात पाय घालून बसे आणि प्रत्येक पत्रात कळवी, "ध्यान नियमित ठेवतो." काकांची उत्तरे आखूड होत गेली. "छान. येतो कधी?" मला वाटे, प्रगती तपासायला बोलावतात. तयारी पुरी नाही म्हणून मी जाणे टाळी.

दिवाळीला गावी गेलो. निघताना आई म्हणाली, "आमचं ध्यान ठेवजो, बाबू. आमाले इसरू नको."

मी मोटारीच्या पायरीवर एक पाय ठेवून तसाच उभा राहिलो. काका साधे वऱ्हाडी बोलले होते. पदवीधर शिष्याने त्याचे संस्कृत करून टाकले होते.

अकोल्याला पोचताच पत्र टाकले:

"तीर्थरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार. ध्यान बंद केले आहे. शनिवारी शाळा सुटली की निघतो. माती भिजवून ठेवावी. माझे घमेले कोणी नेले असल्यास आपल्यातच थोडे सरकून घ्यावे."