पुंजाजीआबांचा बिनसडकेचा मुलूख

पुंजाजीआबांच्या कोंबडीनं एका सकाळी अख्खं मानोरा गिळलं आणि आमच्या गल्लीत आग लागल्यासारखा आरडाओरडा झाला.

"हाण तिले! हाण! दोन दिवसाचा मुक्काम खाल्ला इनं!"

मी तोंडात राखुंडी तशीच ठेवून बाहेर धावलो. आसेगावच्या शाळेवर मास्तर होऊन मला आठ दिवसही झाले नव्हते आणि माझी खोली आबांच्या घराला लागून होती. बघतो तर एक ताडमाड उंच, पांढऱ्या मिशांचा म्हातारा हातात झाडू घेऊन कोंबडीमागं पळतोय आणि सारवलेल्या अंगणात जागोजाग दाणे मांडलेले. ते दाणे म्हणजे मुलूख होता. आबांना दिवाळीनंतर दमणीला बैल जुंपून सफरीला निघायचं होतं आणि त्या सफरीचा नकाशा ते अंगणात मांडत होते.

दाण्यांचाही कायदा होता. ज्या गावच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ मऊ शिजते त्या गावाला ज्वारी, आणि जिथं शिजत नाही त्या गावाला सरकी. कोंबड्या ज्वारी टिपत, सरकीला तोंड लावत नसत. म्हणून दुपारपर्यंत अंगणात नुसती खाऱ्या पाण्याची गावं उरत आणि आबा कपाळाला हात लावून बसत. कोंबड्या कोंडून ठेवा, असं मी एकदा सुचवलं, तर म्हणाले, "त्याहीचंबी घर हाय मास्तर. मुलूख आपुन पुन्हा मांडू. घाई कोनाले हाय?"

हे 'घाई कोनाले हाय' त्यांच्या तोंडी दिवसातून पन्नासदा यायचं. त्या काळात मंगरूळपीरच्या सडकेवरून मोटर नुकतीच धावू लागली होती. गावातली तरणी मंडळी ती नुसती पाहायला दोन कोस चालत जात. आबांनी मात्र सडकेशी जन्माचं वैर धरलं होतं. "सडक म्हंजे बिनकोरड्यासाची भाकर," ते म्हणायचे. "पोट भरते, पन घरी येऊन सांगसान काय? सफर करा तं गाडवाटेनं. तिथी मानसं भेटते, हिरी भेटते, चुकाले भेटते."

मी नवा मास्तर, मला अक्कल पाजळायची हौस. शाळेतला भिंतीवरचा नकाशा काढून त्यांच्यापुढं पसरला. आबांनी तो खालून वर, वरून खाली पाहिला आणि विचारलं, "यात आसेगाव कुठी हाय?"

"आसेगाव लहान आहे, आबा. ते यात नाही."

"मंग हा कोनाचा नकाशा हाय?" असं म्हणून त्यांनी तो गुंडाळून माझ्या काखेत दिला.

आबांच्या बैलांची नावं वकील आणि मुन्सफ. एक सारखा हंबरायचा आणि दुसरा डोळे मिटून ऐकून घ्यायचा, म्हणून ही नावं. वाटेनं जाणारा कोणीही असो, ओळख ना पाळख, आबा त्याला अडवून विचारत, "राम राम! गाव कोंचं? हिरीचं पानी कसं हाय? दाळ शिजते का?" एकदा शाळा तपासायला साहेब आले, तर आबांनी त्यांनाही फाटकातच गाठलं. मला घाम फुटला. पण साहेब टोपी काढून ओट्यावर बसले आणि आपल्या गावच्या विहिरीचं गाऱ्हाणं अर्धा तास सांगत राहिले. आईची डाळ जन्मभर कच्चीच राहिली म्हणाले. तेवढ्यात उन्हं चढली, तपासणी पाच मिनिटांत आटोपली आणि माझी नोकरी वाचली.

या सगळ्या मुलखात एक गोष्ट मला खटकायची. वाट कुठूनही वळो, ती इंझोरीवरून जायचीच. आणि इंझोरीला ज्वारी नाही, सरकीही नाही, एक पांढरा खडा. का म्हणून विचारलं तर आबा एवढंच म्हणाले, "तिथलं पानी म्या चाखलं नाय." आणि उठून बैलांना ढेप द्यायला गेले.

खरं काय ते जानकाकाकूंनी सांगितलं. आबांच्या त्या मालकीण. तोंडानं फटकळ, पण माझ्या खोलीत भाजीची वाटी न चुकता येणार. इंझोरीला त्यांची एकुलती एक लेक दिली होती, कौशी. आमच्याकडं लेकीला मूलबाळ होईपर्यंत बाप तिच्या सासरचं पाणी पीत नाही. लग्नाला दोन सालं झाली तेव्हा आबा तिला भेटायला गेले होते. भर उन्हातून आलेला बाप पाहून पोरीनं रीतभात विसरून तांब्या भरून पुढं केला. चार माणसं बसलेली. आबांनी नकारार्थी मान हलवली.

"पोट्टी तांब्या धरून उभी राह्यली मास्तर, किती वेळ," काकू म्हणाल्या. "मंग घरात जाऊन रडली. हे तसेच तहानलेले वापस आले. तवापासून जात नाय. म्हनते, माह्यानं तो तांब्या पुन्हा वापस पाठोनं होत नाय. तिले तं लेकरू नाय अजून. सासूले लकवा मारला, ते अंथरुनावर, म्हून दिवाळीलेबी पोट्टीचं येनं नाय. बापाले भेटावं तं वाटते, अन् भ्याबी वाटते. म्हून हा कोंबड्यायचा खेळ चालू हाय."

त्या दिवसापासून मला आबांची थट्टा करवेना. पण राग मात्र यायला लागला. अरे, दीड-दोन दिवसांची वाट, लेक डोळ्यांनी पाहून यायची, त्यात एवढं काय? पण माझ्या पहिल्या दिवाळीला आबांना निघायच्या सकाळी दमणीचा आस कुरकुरताना ऐकू आला. मी कान लावला, मला काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवाळीला मांजर आडवं गेलं, तेही घरचंच, जे दिवसातून वीसदा आडवं जायचं. तिसऱ्या दिवाळीला तर कहर झाला. आबा अंगणात बोटानं वाट चालत चालत इंझोरीच्या खड्यापाशी पोचले, तिथं बराच वेळ उकिडवे बसले, मग गुडघ्यावर हात ठेवून उठले. म्हणाले, "थकलो बावा." आणि जुंपलेले बैल सोडून टाकले.

चौथ्या दिवाळीला काकूंनी मला पहाटेच हाक मारली. "मास्तर, अवंदा ह्यायले इचारू नोका. दमणी जुंपा अन् ह्यायले आत टाका." सोबत शिदोरीचं मोठं गाठोडं होतं, दोघांना आठ दिवस पुरेल एवढं.

मी दमणी जुंपली. आबा आस तपासायला वाकले, तसा मीच बैलांना हाकारा दिला. धावत्या गाडीत उडी मारण्यावाचून त्यांना गत्यंतर राहिलं नाही. "अबे मास्तर, पागल झाला का!" एरवी मला मान देणारे आबा त्या दिवशी पहिल्यांदा अरेतुरेवर आले. वकील हंबरला, मुन्सफानं ऐकून घेतलं, आणि चार सालांची सफर एकदाची सुरू झाली.

काय सांगू त्या सफरीची मजा! दोन्ही अंगाला कापसानं पांढरीफेक फुटलेली पऱ्हाटी, तुरी फुलावर आलेल्या, वेचणाऱ्या बाया शेताच्या धुऱ्यावरून हात करत होत्या. आणि आबांच्या मांडीवर तुरीच्या डाळीची पिशवी आणि ती शिजवायला एक पितळी गुंड. प्रत्येक गावच्या विहिरीवर दमणी थांबायची, तीन दगड मांडायचे, डाळ शिजत टाकायची आणि ती दोन बोटांत दाबून आबा निकाल द्यायचे. पहिल्या दिवशी आम्ही चार कोस गेलो आणि पाचदा वरण खाल्लं. मानोऱ्याच्या अलीकडे एका तांड्यावर आमची चूल पेटलेली पाहून बंजाऱ्यांची एक म्हातारी जवळ आली, हातभर बलोया बांगड्यांचा खळखळाट करत. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भूक लागली असन तं मांगून घ्या ना बावा. पान्याले काहून बदनाम करता?" मग तिनं घरातून भाकरी आणि लसणाची चटणी आणून दिली. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पण दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ते टाळाटाळ करायला लागले. वाटेला फाटा आला की लांबची बाजू दाखवायचे. "इकून गेलो तं एक हीर हाय." तिसऱ्या दिवशी सकाळी इंझोरीच्या अलीकडची नदी दिसली, तसा त्यांनी माझ्या हातातला कासरा धरला.

"मास्तर, वळवा."

"आबा, आता? गाव तर समोर दिसतंय."

"वळवा म्हनतो ना. पोट्टी तांब्या आनीन. म्या काय करू?"

त्यांनी कासरा ओढला तशी दमणी काठावरच थांबली. तेवढ्यात पात्रातून हाक आली.

"बाबा!"

नदीच्या वाळूत एक बाई उभी होती. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागं पडलेला, तोंडभर हसू. कौशी. आबा दमणीतून कसे उतरले ते त्यांनाही कळलं नसेल.

"तू इथी? तुले कोनं सांगतलं?"

"मायनं. कासार बांगड्या भराले येते ना, त्याच्याजवळ निरोप देते. दरसाली देते." ती वाळूकडं बघत म्हणाली, "कालपासून येऊन राह्यली. मांगच्या तीन सालीबी आल्ती. दिवस बुडेलोक बसायची. मंग वाटे, बाबाले काम निंगालं असन."

तीन वर्षं आबांनी आस, मांजर आणि थकवा यांच्या नावावर काय परत पाठवलं होतं, ते त्यांना त्या क्षणी कळलं. मला तर त्यांच्याकडं पाहवेना.

कौशीनं मात्र पदर खोचला आणि वाळूत बसून दोन्ही हातांनी झिरा खणायला घेतला. हातभर वाळू निघाली, तळाशी ओल आली, मग पाणी साचलं. आधी गढूळ. तिनं ते उपसून फेकलं, पुन्हा साचू दिलं, पुन्हा उपसलं. तिसऱ्यांदा पाणी काचेसारखं नितळ झालं. तिनं आमच्याच दमणीतला तांब्या मागून घेतला, भरला आणि बापापुढं धरला.

आबा एक पाऊल मागं सरले. "कौशे..."

"हे माह्या घरचं पानी हाय का?" ती म्हणाली. तिचा आवाज हसरा होता, पण तांब्या ती मागं घेईना. "नदी कोनाच्या सासरची असते, बाबा? तांब्याबी तुमचाच. घ्या."

आबांनी तांब्या घेतला. उभ्यानंच, गटागटा, मिशांवरून, सदऱ्यावरून ओघळत, सगळा प्यायले. रिकामा तांब्या पुढं करून म्हणाले, "आनखी दे." तीन तांबे झाले. चौथा त्यांनी तोंडावर मारला आणि कितीतरी वेळ तोंड धूतच राहिले.

दोन दिवस वरणावरच भागलं होतं. आता काकूंचं गाठोडं उघडलं तर वरच्या दहा भाकरी आमच्या आणि खाली सगळं कौशीचं. करंज्या, एक हिरवं लुगडं आणि सासूला चोळायला औषधी तेलाची बाटली. आठ दिवसांची शिदोरी कशासाठी होती, ते मला तेव्हा उमगलं. फटकळ बाई कुठली!

"मास्तर," आबा म्हणाले, "बैल सोडा. बाकीचा मुलूख पुढच्या साली पाहू."

मी बैल सोडले आणि त्यांना चारत नदीच्या वरच्या अंगाला गेलो. वळून पाहिलं तर बापलेक वाळूत बसले होते. कौशी भाकर मोडून मोडून काहीतरी सांगत होती, हात हलवत, मध्येच हसत, मध्येच डोळे पुसत. आणि आबा ऐकत होते. चार वर्षांच्या शेजारात हा माणूस विहीर आणि डाळ न विचारता कोणाचं ऐकतोय, हे मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं.