सभासदत्वाचा अर्ज

अनुयाने गळ्यातलं नवं कार्ड टेबलावर ठेवलं आणि प्रितम घरतचा सकाळचा चहा कडू झाला.

दोघंही नवीन पनवेलच्या एका छोट्या सागरी सर्वेक्षण कंपनीत एकाच दिवशी लागलेले. भरती-ओहोटीच्या नोंदी घ्यायच्या, गाळाचे नमुने तपासायचे, अहवाल लिहायचे. कामात प्रितम काकणभर सरसच, निदान त्याच्या मते. पण अनुया 'सागर अभ्यासक मंडळा'ची सभासद झाली आणि साहेबांना तिचं नाव तोंडपाठ झालं. तिचं काही अडलं की ती मंडळातल्या कुणालातरी फोन करायची. प्रितमचं अडलं की तो रात्रभर इंटरनेट धुंडाळायचा आणि दुसऱ्या दिवशी अनुयालाच विचारायचा.

"अरे, तू पण हो ना मेंबर," ती म्हणाली.

"कार्ड लटकवून समुद्र कळत नसतो."

हे वाक्य त्याने इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की आता उघडपणे अर्ज करायची सोयच उरली नव्हती. म्हणून त्याने गुपचूप अर्ज भरला. त्यावर एका जुन्या सभासदाची शिफारस हवी होती. यादीत पनवेलचं एकच नाव निघालं : काशिराम ठोसर, बंदर खात्यातून निवृत्त. रविवारी सकाळी प्रितमने त्यांची बेल वाजवली.

दार अनुयाने उघडलं.

"तू?" दोघं एकदमच म्हणाले.

"मी दर रविवारी सरांकडे भरतीचं गणित शिकते. मंडळातर्फे, फुकट," अनुया म्हणाली. "तू इकडे कुठे?"

दर रविवारी! फुकट! प्रितम मनातून जळफळला. त्याने अर्ज पाठीमागे लपवला आणि जिन्यात जी पाटी लटकत होती ती वाचून टाकली.

"फ्लॅट... भाड्याने. बघायला आलो."

"वरचा ना?" आतून काशिराम आनंदाने ओरडले. "चावी माझ्याकडेच आहे!"

पुढची वीस मिनिटं प्रितमने नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडल्या, कपाटात वाकून पाहिलं. उलव्याच्या पलीकडे गावात घरच्या चार खोल्या रिकाम्या असताना.

"लग्न ठरलं वाटतं?" अनुयाने विचारलं.

"तसंच समज." आपल्याकडेही काहीतरी तिच्याआधी आहे, या विचाराने त्याला घटकाभर बरं वाटलं.

"मग घरच्यांशी बोलायलाच हवं. सोसायटीचा नियम आहे," काशिराम म्हणाले. "नंबर द्या."

घाबरलेल्या माणसाला एकच नंबर आठवतो. त्याने आईचा, मालूताईंचा, दिला आणि काशिरामांनी लगेच लावलाही. पाऊण तासाने मालूताई रिक्षातून उतरल्या, तीन जिने चढल्या आणि दारातच कडाडल्या.

"कोन हाय ती? आनि आईला न सांगता येगला ऱ्हातोस?"

त्यांची नजर अनुयाकडे गेली. अनुया चटकन दोन पावलं मागे सरकली.

"मी नाही हो काकू! मी ऑफिसमधली. अनुया."

"आगं, तू अनुया!" मालूताईंचा चेहरा खुलला. "तुजं कार्ड बगून हा तीन आठवडं नीट जेवला नाय. 'मी पन मेंबर व्हनार' करून बसलाय. तो अर्ज काय, हातातच हाय त्याच्या!"

प्रितमने वर छताकडे पाहिलं. तिथे एक कोळी जाळं विणत होता. तेवढंच पाहायला होतं.

काशिराम मात्र हसले. "अर्ज आणा इकडे. पण शिफारशीआधी मी एक प्रश्न विचारतोच. आज अष्टमी. आपल्या खाडीत पूर्ण भरती किती वाजता?"

प्रितमचा हात मोबाइलकडे गेला.

"सहाच्या आसपास," मालूताई बोटांवर अंगठा फिरवत म्हणाल्या. "तितीची पाऊणपट करायची. आठाची पाऊणपट सहा. पन अष्टमीचं पानी मिठागराच्या कामाचं नाय. ते बांदावर चढतच नाय. त्याला पुनव नायतर अवस पायजे."

काशिराम खुर्चीतून उठले. "तुम्हाला कुणी शिकवलं?"

"सासऱ्यानी. बांद फुटला का तेच मारायचे, मंग शिकलं."

काशिरामांनी खणातून दुसरा अर्ज काढला. किनाऱ्यावर हयात काढलेल्यांना मंडळ सन्माननीय सभासद करत असे. मालूताईंचं कार्ड आठ दिवसांत आलं. प्रितमचं दीड महिना 'विचाराधीन' होतं. त्या काळात आई कार्ड घालून भाजी आणायला जाई, आणि प्रितम तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोले.

अखेर त्याचंही आलं आणि मंडळाच्या पुढच्याच सभेत मालूताईंचं भाषण ठरलं. मिठागर, बांध, उधाण, सगळं त्यांनी अर्ध्या तासात सांगितलं. टाळ्या थांबेनात. त्यांच्याभोवती एवढा गराडा पडला, की मागचे लोक त्यांच्यासोबत आलेल्या प्रितमकडे वळले.

"आपण?"

"मी समुद्रविज्ञानात एमएस्सी..."

"ते नाही हो. मालूताईंचे कोण?"

"मुलगा," तो पुटपुटला.

"वा! नंबर द्या ना तुमचा."

एकाने घेतला, मग दुसऱ्याने, मग एका प्राध्यापिकेने. सात जणांनी घेतला. प्रत्येकाचं म्हणणं एकच : मालूताईंची वेळ कळवा, त्या फोन उचलत नाहीत.

अनुया लांबून पाहत होती. ती जवळ आली तेव्हा तिचा चेहरा जरा उतरलेला होता.

"एका दिवसात सात जण? मी एवढे महिने येतेय, मला कुणी नंबर नाही विचारला. काय बोललास रे त्यांच्याशी?"

"कामाचंच," प्रितम म्हणाला. आणि तिला समोसा आणून द्यायला गेला.