धुऱ्याच्या पलीकडे हेवी मेटल

मोहाडीला मुलगी पाहायला निघताना मी एकच गोष्ट ठरवली होती. या वेळी खोटं बोलायचं नाही.

आधीच्या स्थळांकडे 'मुलाला आवड कशाची?' असं विचारलं, की बाबाच माझ्या वतीने 'वाचनाची' म्हणून मोकळे व्हायचे. (मी एम.एस्सी. आहे आणि भंडाऱ्याच्या कॉलेजात तासांवर शिकवतो, त्यामुळे लोकांना ते पटायचं.) प्रत्यक्षात मला आवडतं हेवी मेटल. अख्ख्या वरठीत ते ऐकणारा मी एकटा. शेजारची सुंदरबाई अजूनही आईला काळजीने विचारते, "पोरगा कायले रडते वो रोज?" रडणारा मी नसतो, गायक असतो. पण हे समजून घेणारं जगात कोणी नाही, असं मी धरूनच चाललो होतो.

त्यामुळे माझी अवस्था काय झाली असेल पाहा. 'तुम्ही दोघं बोला' म्हणून आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. उर्वशीने, म्हणजे मुलीने, विचारलं, "काय ऐकता तुम्ही?"

मी छाती पुढे काढून म्हणालो, "हेवी मेटल."

"खरंच? मीपण!"

बारा लाखांच्या जिल्ह्यात मेटल ऐकणारे दोनच जीव, ते एका खोलीत, मध्ये स्टुलावर पोह्यांच्या बश्या! पलीकडे तिच्या वडिलांचा हातमाग खटाक-खटाक चालला होता. मी मनातल्या मनात लग्न उरकलं आणि वरातीत वाजवणाऱ्या धुमाल पार्टीला गाणीसुद्धा सांगून टाकली.

मग तिने एक इयरफोन स्वतःच्या कानात घातला, दुसरा माझ्याकडे दिला. "हे माझं सगळ्यात आवडतं मेटल."

(गाण्याचं नाव मी सांगणार नाही. तुमच्याशीही भांडण व्हायचं.)

मी ऐकलं. आणि खोटं बोलायचं नाही हे ठरलेलंच होतं. "पण हे मेटल नाही. हार्ड रॉक आहे."

तिने इयरफोन काढला. "कशावरून?"

"झुलतंय ना हे. मेटल झुलत नाही, मेटल ठोकतं."

"अन् हे काय, झुलते?" तिने चमचा उचलून बशीवरच ती चाल वाजवली. मागाच्या घरात वाढलेली मुलगी, ताल बिनचूक.

"तुम्ही गिटार वाजवताय. ड्रम ऐका. मेटलमध्ये ड्रमवाल्याचे दोन्ही पाय चालायला लागतात. असे!" मी दोन्ही पायांनी फरशीवर दाखवलं. आवेशात उजवा पाय स्टुलाला लागला. पोहे, चहा आणि पाण्याने भरलेला तांब्या एकापाठोपाठ खाली आले.

दार उघडलं. बाबा, उर्वशीचे मामा टिकाराम आणि हे स्थळ आणणारे यादोराव असे तिघंही आत.

"काय झालं बे? काहून झगडून राहिले?" बाबांनी विचारलं.

"हार्ड रॉक कुठं संपते अन् हेवी मेटल कुठून सुरू होते, तेच ठरून नाही राहिलं," उर्वशी म्हणाली.

"म्हणजे धुऱ्याचा झगडा हाये!" मामांनी खुर्ची ओढली. दोन शेतांमधल्या बांधावरून, म्हणजे धुऱ्यावरून, त्यांची चुलतभावाशी केस सुरू असल्याने विषय जिव्हाळ्याचा होता. "मोजणी आणली का?"

"मामाजी, हे संगीत आहे," मी म्हणालो.

"असन बापा. पण धुऱ्यावरची तूर कोणाची?"

"आमच्याकडं अर्धी-अर्धी," बाबांनी उत्साहाने सांगितलं.

"अर्धी कशी जी? शेंगा त् वाऱ्यानं एकाच अंगाले झुकते!"

तुरीवर बोलत बाबा आणि मामा बाहेर गेले, मागोमाग यादोरावही. दोघं असे रंगले, की त्या दिवशी कोणाचं जमलं असेल तर त्यांचंच.

आम्ही फरशीवरचे पोहे वेचायला बसलो. उर्वशी हळूच म्हणाली, "एकदा म्हणा ना, मेटल आहे म्हणून." आणि हसली.

होकार समोर बसलेला होता. एका शब्दाचं काम. कोणीही म्हणालं असतं.

"तसं नाही म्हणता येणार," मी म्हणालो.

परतताना बाबांच्या मोटरसायकलवर मागे बसून मी ते गाणं पुन्हा ऐकलं. वरठी येईपर्यंत लक्षात आलं. दुसऱ्या कडव्यात ड्रमवाला चक्क ठोकत होता. ती बरोबर होती. घरी पोहोचताच मेसेज केला. 'माफ करा. मेटलच आहे.'

उत्तर लगेच आलं. 'मीपण परत ऐकलं. तुमचंच बरोबर. झुलते. हार्ड रॉक.' पुढे हसरा चेहरा.

शहाण्या माणसाने इथे दुसरा हसरा चेहरा पाठवला असता. मी लिहिलं, 'नाही. मेटल. दुसरं कडवं ऐका.'

'सकाळी तुम्हीच हार्ड रॉक म्हणाले.'

'सकाळी मी चुकलो होतो.'

'म्हणजे मले पटवून तुम्हीच पळाले?'

(रागात तिची पुस्तकी भाषा सुटली होती. मला ते फार गोड वाटलं. पण हे तिला लिहावं, असं सुचलं नाही. मी मुद्दे लिहिले. उपमुद्द्यांसकट.)

बऱ्याच वेळाने शेवटचा मेसेज आला. 'हे तुम्हाला मेटल वाटत असेल, तर तुम्ही ऐकता ते सगळं माझ्यासाठी सुगम संगीत आहे.'

दुसऱ्या दिवशी यादोराव आले. "नकार हाये जी."

"पोहे सांडवले म्हणून?" बाबांनी विचारलं.

"नाई, नाई. मामा त् तुरीवरून लई खूष हायेत. पण पोरीले ते दणदण लागते, अन् आपला मंगेश पडला सुगम संगीतवाला."

"मी?" मी ओरडलो.

आईने नवलाने विचारलं, "मंग रोज रडते तो कोण?"

मी काही बोलायच्या आत यादोराव पुढच्या स्थळावर पोहोचले होते. "नाकाडोंगरीची पोरगी हाये, करुणा. भावगीत गाते. मी सांगून ठेवलं, मुलगापण तसाच हाये."

रविवारी नाकाडोंगरीला करुणा गायली. छान गायली. मग तिच्या वडिलांनी पेटी माझ्यापुढे सरकवली. "आता तुमी, मंगेशजी."

लहानपणी आईच्या भजनी मंडळात पेटीवर बोटं फिरवली होती, तेवढंच भांडवल. डोक्यात गाणं एकच होतं, मोहाडीचं. मी भाता हलवला आणि तेच वाजवलं. म्हटलं, ठोकू द्या. निदान मला सुगमवाला समजणारे हे तरी उठून जातील.

करुणाच्या वडिलांनी डोळे मिटले. मान डोलू लागली. शेजारी बाबाही डोलू लागले.

"वा जी, वा! काय झुलते!"

म्हणजे हार्ड रॉकच होतं ते. उर्वशीला ताबडतोब कळवायला हवं म्हणून, पेटी तशीच टाकून, मी फोन काढला.

तिने मला ब्लॉक केलेलं होतं.