सरांना मी चालायला शिकिवलं

सोलापूरच्या एका प्राध्यापकाला मी चालायला शिकिवलं. सर तवा पन्नाशीला आल्ते आन माज्यापेक्षा नीट चालत हुते.

सर मूळचे आमच्या मंद्रूपचे. कालिजात नाटक शिकिवत्यात, पर त्येंच्या नाटकात कुनी बोलतच न्हाई, समदं अंगानं. त्येच्यावर अभ्यास करून सर डॉक्टरबी झाले. बायको रुसली की आमच्या घरीबी तसलंच नाटक असतंय, आमाला कुनी डॉक्टर म्हनत न्हाई.

सरांचा नाद एकच. मानूस दिसला की त्येच्या मागनं त्येच्यासारकं चालायचं. एकदा एका हवालदाराच्या मागनं, नसलेलं पोट फुडं काडून निगाले. हवालदारानं वळून बगितलं आन सायेब समजून सलाम ठोकला. मंद्रूपच्या बाजारात माज्याबी मागं लागले. मी खिसा दाबून धरला. खिशात निसती तंबाकू हुती. सरांनी वहीत लिवलं, 'डावा खांदा थकलेला.'

"सर, समदाच थकलोय. एकट्या खांद्याचं नाव कशाला घेता?"

"थांबा मामा. परत एकदा चाला, सावकाश."

ह्ये त्येंचं कायमचं. परदेशात जाऊन त्येंनी दुधनीच्या हमालाची चाल दावली. लोकं म्हनं उबं ऱ्हाऊन टाळ्या वाजवाय लागली. हमाल हितं आजून पोतीच उचलतोय.

मागल्या साली सरांची आई मानसं वळकंना झाली. सर उशाला बसायचे, आन ती दाराकडं बगून "आण्णा कुटं गेलं?" म्हनायची. आण्णा म्हंजे सरांचे वडील. त्येंला जाऊन धा वर्सं झाली. एक दिस सर माज्याकडं आले.

"मामा, तुम्ही आण्णांबरोबर मेंढरं राखलीत. त्यांची चाल मला शिकवा. आईला एकदा आण्णा दिसू दे."

"तुमी तर जगाची चाल करताय की!"

"जगाची बघितली. आण्णांची बघायची राहिली. मी कायम बाहेर, शिकायला."

मी काठी उचलली. आठ दिस माळावर शिकिवलं. खांद्यावर घोंगडं, काठी मानंवर आडवी, तिच्यावर दोनी हात टाकल्यालं, आन धा पावलाला मागं वळून मेंढरं बगायची. सर वहीबी इसरले.

नवव्या दिशी सर तसंच चालत अंगनात आले. मागनं मी, छाती फुगवून. काकी, म्हंजे सरांची आई, खाटंवर बसल्याली. ती लई येळ बगत ऱ्हायली. सरांनी मागं वळून नसलेली मेंढरं बगितली.

"बाळ्या," काकी म्हनली, "पाय मुरगाळला व्हय रं?"

साल झालं, तिनं लेकाचं नाव घेतलं न्हवतं. सर घोंगड्यासकट तिच्या पायापाशी बसले आन हुंदके द्याय लागले.

माज्यानं गप बसवंना. "काकी, ही चाल मी शिकिवली बरं का!"

काकीनं मला पायापास्नं डोक्यापत्तर बगितलं.

"तरीच," ती म्हनली. "चांगलं चालत हुतं माजं प्वार."