बाथटबमधलं कुंपण

दुपारच्या लेक्चरमध्ये मुलांना दहा मिनिटांची सुट्टी देऊन सुनेत्रा तोंडावर पाणी मारायला बाथरूममध्ये गेली, तर टबमध्ये झाडं होती. कुंडीतलं एखादं रोप असतं तर तिने समजून घेतलं असतं. ही चांगली कमरेएवढी, मनगटापेक्षा जाड खोडांची, काळपट हिरव्या पानांची पाच झुडपं होती. मुळांसकट, आणि मुळांना लागलेल्या चिखलासकट. टबच्या कडेवर नवरा बसला होता आणि तिच्या केस धुवायच्या मगाने एकेका झाडाला पाणी घालत होता.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"यू," उल्हास म्हणाला.

"मी?"

"तू नाही गं. यू. झाडाचं नाव आहे. वाय, ई, डब्ल्यू."

मेलबर्नचा दुसरा लॉकडाऊन तेव्हा संपायचं नाव घेत नव्हता. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही आणि व्यायामाला म्हणून दिवसातून फार तर दोनदा, मास्क लावून बाहेर पडायचं. ग्लेन वेव्हर्लीतल्या त्यांच्या घरात सुनेत्रा जेवणाच्या टेबलावरून युनिव्हर्सिटीत अकाउंटिंग शिकवत होती, नववीतली उर्वी तिच्या खोलीतून शिकत होती, आणि उल्हास गॅरेजमध्ये बसून एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळत होता. उरलेल्या वेळात तो छंद करत होता. घरी चेडर चीज करून झालं होतं, तो डबा आता कोणी उघडत नव्हतं. उर्वीच्या जुन्या कीबोर्डवर भूप बसवून झाला होता, तोही कोणाला ऐकवत नव्हता. गेला आठवडाभर घरात शांतता होती, तेव्हाच सुनेत्राला शंका यायला हवी होती.

झालं होतं असं की बागकामवाल्यांना सरकारने नुकतीच पुन्हा काम करायची परवानगी दिली होती, आणि चार रस्ते पलीकडच्या एका घरासमोर जोरात खणाखणी सुरू झाली होती. सकाळी फिरायला गेलेल्या उल्हासला तिथे फुटपाथलगतच्या गवतावर ही झुडपं आडवी टाकलेली दिसली. इथे लोक नको झालेलं सामान असंच घराबाहेर ठेवतात. त्यांच्या घरातला सोफा तसाच आला होता. उल्हासने खोडं पाहिली आणि त्याला तिथल्या तिथे दिसलं की एकेक खोड म्हणजे एकेक बोन्साय आहे, फक्त वरचा भाग काढायचा बाकी आहे. त्याने रीतसर विचारलंसुद्धा. खणायच्या यंत्रावर बसलेल्या माणसाला त्याने मास्कमधून ओरडून विचारलं, हे नेऊ का? त्या माणसाने अंगठा वर केला.

"यंत्र चालू होतं?" सुनेत्राने विचारलं.

"त्याला ऐकू गेलं."

"आणलीस कशी?"

हिरव्या झाकणाच्या, चाकं असलेल्या कचऱ्याच्या डब्यातून. पाच झाडं, म्हणून पाच फेऱ्या. नियमाप्रमाणे दोन, असं सुनेत्राने म्हटल्यावर तो म्हणाला की डबा ढकलणं हा व्यायामच आहे, आणि एका व्यायामाचे पाच भाग होऊ शकतात. तिचं लेक्चर सुरू व्हायची वेळ झाली होती. घसाऱ्याचे प्रकार समजावताना तिला पहिल्यांदाच त्या विषयाबद्दल मनापासून काही वाटलं.

पुढचे तीन दिवस घरात नवरा नव्हता, एक चिखल लागलेला अभ्यासक होता. टबातली माती मोरीत बसली आणि पाणी जाईना. मग तिघांची अंघोळ बेडरूममागच्या छोट्या शॉवरमध्ये, आणि त्यात उर्वी एकदा आत गेली की पहिला तास संपल्यावर बाहेर. उल्हासने ऑनलाइन करवत मागवली. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून, आवाजही बंद आहे अशा समजुतीने, त्याने पहिलं झाड कापलं. त्याच्या मॅनेजरने विचारलं की तुझ्याकडे बांधकाम चालू आहे का, असेल तर परवानगी घेतली आहेस ना.

पाचही झाडं गुडघ्याखाली आली. मग मुळं कापली. मग त्यांना मिळेल त्या भांड्यात लावलं, म्हणजे दोन घमेली, दोन प्लास्टिकचे क्रेट आणि सुनेत्राची पापडाचं पीठ भिजवायची परात. शेवटी एका व्हिडिओत पाहून त्याने एका खोडाची साल अर्धी सोलून काढली, कारण त्यामुळे झाड जुनं दिसतं.

शनिवारी त्याने एका बोन्साय क्लबच्या ऑनलाइन बैठकीत आपली झाडं दाखवली. सुनेत्रा मागे मटार सोलत बसली होती, त्यामुळे तिलाही सगळं ऐकू आलं. क्लबातले एक वयस्कर गृहस्थ चष्मा लावून स्क्रीनजवळ आले. मग त्यांनी हळुवारपणे विचारलं की मुळं आणि फांद्या एकाच आठवड्यात का कापल्या. साधारणपणे झाड उकरून काढलं की त्याला आधी नुसतं सावरू देतात, असं ते म्हणाले. यू चिवट असतं, जुन्या लाकडातूनही फुटतं, तेव्हा आशा आहे. पण आता दोन वर्षं त्याला हात लावू नका. आणि जाता जाता त्यांनी सांगितलं की पानं, साल, बिया, सगळं विषारी असतं, घरात कुत्रा असेल तर जपा.

सुनेत्राचा मटार सोलणारा हात थांबला.

"माती कशाने चाळलीस?" तिने विचारलं.

उल्हासने स्वयंपाकघरातल्या कपाटाकडे पाहिलं. परातीतलं झाड एका क्रेटमध्ये दुसऱ्याशेजारी गेलं, आणि पोह्यांची चाळण, परात आणि केस धुवायचा मग त्याच संध्याकाळी कचऱ्यात गेले. आदल्या दिवशी सगळ्यांनी पोहे खाल्ले होते, त्यामुळे रात्रीपर्यंत तिघंही एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. कोणालाही काही झालं नाही. सुनेत्राचं डोकं दुखलं, पण त्याचं कारण वेगळं होतं.

रविवारी सकाळी उर्वी फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. "बाबा, यू आर ऑन फेसबुक," ती म्हणाली. "लाइक, नॉट इन अ गुड वे."

सबर्बच्या ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकला होता. समोरच्या घराच्या दारावरच्या कॅमेऱ्यातून घेतलेला. फोटोत एक मास्क आणि टोपी घातलेला माणूस हिरवा डबा ढकलत चालला होता आणि डब्यातून झाडाचा शेंडा बाहेर आला होता. खाली लिहिलं होतं, ही झाडं टाकलेली नव्हती. लॉरेन नावाच्या वृद्ध शेजारणीच्या दारात पायऱ्यांच्या जागी रॅम्प बांधायचा आहे म्हणून ती उकरून, मागच्या अंगणात लावण्यासाठी बाजूला ठेवली होती. तिच्या नवऱ्याने कुंपण म्हणून लावलेली होती. नवरा आता नाही. या चोराला कोणी ओळखतं का?

"तोंड कुठे दिसतंय," उल्हास म्हणाला आणि फोटो मोठा करून बघायला लागला.

तोंड दिसत नव्हतं. पाठ दिसत होती. त्या सकाळी त्याने गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवाचा टी-शर्ट घातला होता आणि त्यावर ठसठशीत देवनागरीत लिहिलं होतं, 'कार्यकर्ता'. ग्रुपवरच्या लोकांची ती कुठली लिपी यावर चर्चा चालू होती. एकाने थाई म्हटलं होतं. पण मेलबर्नच्या त्या भागात ते वाचता येणारी निदान दोनशे कुटुंबं होती आणि तो टी-शर्ट फक्त आठ जणांकडे होता. अर्ध्या तासात सुनेत्राचा फोन वाजायला लागला. कोणी हसरे चेहरे पाठवले, कोणी नुसतंच "फोटो छान आलाय" लिहिलं. मंडळाच्या सेक्रेटरी मंजिरीने सरळ फोन केला. ती फार गोड बोलली. उरलेल्या सात कार्यकर्त्यांनी आपण नाही असं कळवलं आहे, एवढंच तिने सांगितलं.

उल्हासने मग एकामागून एक उपाय काढले. नर्सरीतून नवी यू मागवून गुपचूप दारात ठेवावीत. कुठलंही हिरवं झुडूप ठेवलं तर म्हातारीला काय कळणार. किंवा उर्वीने पत्र टाकून यावं. उर्वी म्हणाली, "नो वे." सुनेत्राने सगळं ऐकून घेतलं आणि मास्क लावला.

"चल. दोघं जाऊ. आणि तिला तू सांगायचंस."

"काय सांगू?"

"जे केलंस ते. जमलं तर व्हिडिओ न दाखवता."

वाटेत तो काही बोलला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तो असा गप्प चालताना तिने क्वचितच पाहिला होता, आणि तिचा राग थोडा कमी झाला. मग तिला परात आठवली आणि तो पुन्हा जागेवर आला.

लॉरेन व्हरांड्यात, चालायला आधाराचा वॉकर हाताशी धरून बसली होती. उंच, हडकुळी, ऐंशी ओलांडलेली बाई. दारापुढे ओळीने पाच खड्डे होते. फाटकापाशी उभं राहून उल्हासने आपलं नाव सांगितलं आणि झाडं आपल्याकडे आहेत, सुखरूप आहेत, असं म्हणाला. सुनेत्रा खाकरली. थोडी लहान झाली आहेत, असं त्याने पुढे जोडलं. किती लहान, लॉरेनने विचारलं. उल्हासने हात मांडीपाशी धरला. सुनेत्राने त्याच्याकडे पाहिलं. हात गुडघ्यापर्यंत आला, आणि मग आणखी थोडा खाली.

लॉरेनला झाडं बघायची होती. तिचा व्यायाम तसाही बाकी होता. चार रस्ते चालायला तिला बराच वेळ लागला. वॉकरच्या मागून ठरलेलं अंतर राखून ही दोघं एखाद्या अंत्ययात्रेसारखी चालत आली. उल्हासने घमेली आणि क्रेट ड्राइव्हवेवर आणून ओळीने मांडले. कापलेली, बोडकी, चिखलाने माखलेली पाच खोडं. सुनेत्राला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

लॉरेनने वॉकर सरकवत एकेक झाड बघितलं. तिने सांगितलं की केन दर उन्हाळ्यात दोरी बांधून, पाणसळ लावून ती झाडं अगदी चौकोनी कापायचा. चाळीस वर्षं. कोपरा जरा वाकडा गेला की जेवायला येत नसे. त्याने ही बघितली असती तर ओळखली नसती, असं ती म्हणाली, आणि मास्कच्या वरून डोळे पुसले. उल्हास मान खाली घालून उभा होता. त्याने सॉरी म्हटलं. ते खोटं नव्हतं, हे सुनेत्राला कळलं.

मग लॉरेनने काठीसारखं बोट सोललेल्या खोडाकडे केलं. याला काय झालं?

साल काढली, उल्हासने सांगितलं, म्हणजे झाड म्हातारं दिसतं.

"म्हातारं दिसायला काही करावं लागत नाही," लॉरेन आपल्या इंग्रजीत म्हणाली. "नुसतं थांबावं लागतं."

जिवंत आहेत का, हा तिचा पुढचा प्रश्न होता. उल्हासने गुडघ्यावर बसून एका खोडावर नखाने बारीक ओरखडा काढला. आत ओला हिरवा रंग होता. दुसऱ्यावर काढला, तिथेही. पाचही झाडं त्याने अशी दाखवली आणि दर वेळी ती वॉकरवरून वाकून नीट बघत होती. पाचव्यानंतर तिने मान हलवली आणि आपला निर्णय सांगितला.

झाडं तिच्या मागच्या अंगणात जातील, घमेल्यांसकट. केनचं कामाचं टेबल आहे, त्यावर ठेवायची. आणि त्यांना पाणी उल्हास घालेल, रोज, सकाळी सात वाजता, कारण ती सातला उठून चहा घेते आणि तिला ते खिडकीतून बघायचं आहे. उल्हासने अत्यंत विनयाने आठवण करून दिली की सध्या कोणाच्या घरी जायला बंदी आहे. लॉरेनने त्याच्याकडे कीव करून पाहिलं. एकट्या राहणाऱ्या माणसाला आता एक पाहुणा नेमता येतो, ती म्हणाली. मुलगा पर्थला आहे आणि तिकडच्या राज्याची सीमा बंद आहे. तिने अजून कोणालाच नेमलं नव्हतं.

"आता तू," ती म्हणाली.

उल्हासने सुनेत्राकडे पाहिलं. मीटिंग, पाठदुखी, लवकर उठायची सवय नाही, यांपैकी काहीतरी ती पुढे करेल अशी त्याची अपेक्षा असावी. सुनेत्रा म्हणाली की सात वाजता तो अगदी मोकळा असतो.

फेसबुकवर लॉरेनने त्याच दिवशी लिहिलं की चोरी झालेली नाही, तिचा माळी झाडं दुरुस्तीला घेऊन गेला होता. मंजिरीने तो मजकूर मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, कार्यकर्ता असावा तर असा.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडं पोचवायला म्हणून सुनेत्रा फाटकापर्यंत गेली. आत मागच्या अंगणात उल्हास टेबलावर झाडं मांडत होता आणि खिडकीतून सूचना येत होत्या. डावीकडे. अजून डावीकडे. ते सरळ नाही. केनची पाणसळ शेडमध्ये आहे, ती घे. शेवटी लॉरेनने विचारलं की हे कधी तयार होणार, म्हणजे जपानी बोन्सायच्या फोटोंत असतं तसं, छोट्या कुंडीत.

उल्हास प्रामाणिकपणे म्हणाला, "दहा वर्षं. बारासुद्धा लागतील."

आतून चमचा कपात ढवळल्याचा आवाज आला.

"ठीक आहे," लॉरेन म्हणाली. "मी आहे."

सुनेत्रा फाटकाशी मास्कच्या आत हसली, कित्येक महिन्यांनी इतकं हसली की तिचा चष्मा धुक्याने भरून गेला. उल्हास बाहेर आला तेव्हा त्याचे गुडघे ओले होते आणि चेहरा हिशेब करणाऱ्या माणसासारखा होता.

"तोपर्यंत मी रिटायर होईन गं," तो म्हणाला.

"छान," सुनेत्रा म्हणाली. "मग दोन वेळा पाणी घालता येईल."