दादाचा घसरता रोलर

आमच्या दादाला कुणाच्याही अंगावरचं ओझं उतरलेलं बघवत नाही. राहनाळच्या गोदामात पाठीवर पोतं घेऊन चाललेल्या हमालाला थांबवून तो सांगायचा, "बोजा हाय म्हनून सरळ चाललास. बोजा गेला की घसरशील." एका हमालाने त्याला शांतपणे सुचवलं, "तो साहेब, एक बोरी आप भी उठा लो." दादाने खरंच उचलली. मग चार दिवस कंबर धरून झोपला आणि शेकायचं काम माझ्याकडे आलं.

शेजारच्या म्हात्र्यांनी शेत गोदामाला विकलं. नव्या गाडीच्या पूजेला सगळा गाव जमलेला असताना दादा म्हणाला, "आता पोरावर बोजा न्हाय. घसरनार." पोरगा दोन वर्षांत बारमध्ये घसरला. तेव्हापासून म्हात्रे आमच्याशी बोलत नाहीत. भविष्य खोटं ठरलं असतं तर कदाचित माफ केलं असतं.

दादा शिकलेला इंजिनिअर. एका कारखान्यात टर्बाइन इंजिनांची बेअरिंगं तपासणारा साहेब होता. चाचणीत एक बेअरिंग जळालं. फिटरने तेलाची नळी नीट जोडली नाही, असा अहवाल झाला आणि फिटरला काढून टाकलं. पुढच्या महिन्यात दादाही राजीनामा देऊन घरी आला. तेव्हापासून एकच पालुपद: तेल होतं, बोजा नव्हता.

जड ओझ्याने बेअरिंग मरतं हे शेंबडं पोरही सांगेल. दादाचं उलटं. म्हणे, प्रचंड वेगात ओझं कमी पडलं की बेअरिंगमधल्या रोलरला पकड मिळत नाही. तो फिरायचं सोडून घसरतो, तापतो, अंगावर ओरखडे घेतो. आणि लोक म्हणतात, तेल घातलं नव्हतं.

हे सिद्ध करायला त्याने अंगणातली शेड अडवली. भंगारातली लूमची, म्हणजे यंत्रमागाची मोटर, पट्टे, पुल्या. रोलरना धरून ठेवणाऱ्या पितळी कड्यावर पांढरा ठिपका आणि समोर लुकलुकणारा दिवा. कडं जेवढं फिरायला हवं त्यापेक्षा किती मागे पडतं ते मोजायचं, वजन कमी करायचं, पुन्हा मोजायचं. वीज गेली की शिव्या देत ग्राफच्या कागदावर रेघा ओढायच्या. सात वर्षं! लग्न नाही, नोकरी नाही. आई शेवटपर्यंत विचारत राहिली, "याचा चाक कवा थांबंल रं?"

मला वाटायचं, हा नुसता शिक्षणाचा माज. कारखान्याला खोटं पाडायचं, मग घर भावाने ओढलं तरी चालेल. तसं मी तोंडावर म्हणालोही. तो म्हणाला, "तुज्यावर बोजा हाय, तू बरा चाललायस." त्या दिवशी मी त्याला मारायचंच बाकी होतं.

एका रविवारी तो शेडमधून धावत आला. हातात रोलर. जळालेल्या बेअरिंगवर होते तसेच ओरखडे, आणि वरून तेल टिपटिप गळत होतं. मला वाटलं, आता स्वारी कारखान्यात जाणार. तो म्हणाला, "गाडी काढ. शेलारला जायाचा."

शेलार गावात एका लूमच्या कारखान्यातून, भुवयांवर कापसाचा भुगा घेऊन, यूसुफभाई बाहेर आले. तोच कामावरून काढलेला फिटर. दादाने रोलर आणि ग्राफ पुढे केला. यूसुफभाईंनी ओरखड्यावरून अंगठा फिरवला.

"तेल था ना, साहेब?"

"था."

"मैंने उसी दिन बोला था. फिर आपने सही क्यों की?"

त्या अहवालावर दादाची सही होती. घरात त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं.

"डर गया था," दादा म्हणाला.

यूसुफभाई रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रोलर परत दादाच्या हातात ठेवला. "अब किसको दिखाऊं, साहेब? अब्बा भी फिटर थे. यही समझके गए कि बेटे ने काम में लापरवाही की." शिफ्टची वेळ झाली म्हणून ते आत गेले.

मी गाडी सुरू केली. दादा बसेना. ग्राफची गुंडाळी छातीशी धरून तसाच उभा. सात वर्षं मी ज्याला माज म्हणत होतो तो हा, असं मनात आलं.

"त्याच्या अब्बांना कुठं पुरलंय, तेवढा इचारून ये ना रं," तो म्हणाला.

"कशाला?"

"त्यांनाबी सांगाया पायजे. फिटर होते ते. त्यांना समजंल."