दोन इंचाचा घोडा

दिवाळीआधी घर सारवताना भागूबाईनं खुंटीवरची बंदूक उतरवली आणि ती हातातून निसटून थेट उखळावर आदळली. बंदूक एकनळी, गेनबाच्या बापाच्या वेळची. नळी शाबूत राहिली. पण चाप ओढल्यावर जो लोखंडी घोडा पुढं आपटतो आणि काडतूस उडवतो, त्याचा वरचा अर्धा भाग तुटून पडला. भागूबाईनं तो तुकडा केराबरोबर उकिरड्यात टाकला आणि दोन दिवस नवऱ्याला काहीच सांगितलं नाही.

त्यांचं वासुली गाव चाकणच्या पलीकडे, भामचंद्राच्या डोंगराखाली. डोंगरातली रानडुकरं भुईमुगात उतरत, म्हणून सरकारनं गेनबाला बंदुकीचा परवाना दिलेला. त्यानं आजवर एकही डुक्कर मारलं नव्हतं. नुसता बार काढला की कळप पळायचा, आणि गेनबाचंही त्यात समाधान व्हायचं. आता बारच निघेना. चाकणच्या लोहारानं बंदुकीला हात लावायला नकार दिला. शेवटी बाजारात कुणीतरी पिंपरी कॅम्पातल्या हासोमलचं नाव सांगितलं.

हासोमल फाळणीत सिंधमधून आलेला. तिकडे त्याचं बंदुकांचं दुकान होतं; इथे निर्वासितांच्या बराकीपुढे तो स्टोव्ह आणि कुलपं दुरुस्त करत बसे. बंदूक दुरुस्तीचा परवाना त्यानं खटपट करून मिळवला होता, पण आठ वर्षांत बंदूक घेऊन येणारा गेनबा तिसराच. हासोमलनं ती उलटसुलट करून पाहिली आणि तुटक्या घोड्यावरून सावकाश अंगठा फिरवला. मग म्हणाला की हिचा असली घोडा आपल्यापाशी आहे, पण शिकारपूरला, दुकानातल्या तिसऱ्या खणात.

"मंग उद्याच आणतो की," गेनबा म्हणाला. "शिक्रापूर काय लांब न्हाई. चाकणावरनं वाट हाय."

"वो शिक्रापूर नाही, भाऊ. शिकारपूर. सिंध. अभी पाकिस्तान में."

तिथं इमामबख्श नावाचा त्याचा भागीदार होता. दोघांनी वीस वर्षं एका बाकावर बसून काम केलं होतं. फाळणीत इमामबख्शच त्याला स्टेशनवर सोडायला आला होता, आणि त्यानंतर दोघांनी एकमेकांना एक ओळही लिहिली नव्हती. का म्हणून गेनबानं विचारलं, तर हासोमल म्हणाला, काय लिहायचं तेच सुचलं नाही. आता काम निघालं होतं. त्यानं त्याच दिवशी पत्र टाकलं.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. चार पानं होती, आणि घोड्याचा मजकूर शेवटच्या पानावर. हासोमल गेल्यावर सरकारनं दुकान दुसऱ्याला दिलं होतं. पण ते जाण्याआधी इमामबख्शनं सगळे खण गाडीवर घालून घरी आणले होते. घोडा सापडला होता, तेलात बुडवलेल्या फडक्यात. पण पोस्टानं पार्सल घेतलं नाही. बंदुकीचा भाग देशाबाहेर पाठवायचा तर कराचीचा परवाना पाहिजे. इमामबख्श कराचीला गेला. तिथं त्याला सांगितलं, आधी हिंदुस्थान हा माल आत घेणार असल्याचं पत्र आणा.

तेव्हा गेनबा पुण्याला गेला. कचेरीबाहेरच्या अर्जनविसानं त्याचं म्हणणं ऐकलं आणि त्याच्याच शब्दांत लिहिलं की, अर्जदारास शेतीच्या रक्षणाकरिता पाकिस्तानातून एक घोडा आणण्याची परवानगी मिळावी. कचेरीनं हा अर्ज जनावरांच्या खात्याकडे धाडला. महिन्याभरानं वासुलीला छापील फॉर्म आला. गावच्या शाळेतल्या लक्ष्मणराव मास्तरांनी एकेक रकाना वाचला आणि गेनबा सांगेल तसा भरला. रंग काळा. वय अंदाजे तीस वर्षं. उंची दोन इंच. नर की मादी, यावर मास्तर जरा थांबले. मग त्यांनी 'लोखंडी' असं लिहिलं.

खात्यानं दोन महिन्यांनी कळवलं की इतक्या वयस्कर व खुज्या जनावराच्या आयातीची शिफारस करता येत नाही.

गेनबा पुन्हा पुण्याला गेला आणि या वेळी तुटकी बंदूकच टेबलावर ठेवली. दोन शिपाई धावून आले. खुलासा होता होता दुपार झाली. मग कारकून यशवंतराव यांनी शांतपणे समजावलं की हे हत्यारांचं प्रकरण आहे, दिल्लीला जाईल, आणि दिल्लीला पाठवण्याआधी पाकिस्तान हा माल बाहेर सोडणार असल्याचं पत्र जोडावं लागेल.

"त्ये म्हंत्यात आधी तुमचं आना," गेनबा म्हणाला.

"मग त्यांना सांगा, आधी तुमचं द्या," यशवंतराव म्हणाले.

हे हासोमलनं इमामबख्शला कळवलं. इमामबख्श परत कराचीला गेला. गेनबा परत पुण्याला गेला. असं वर्ष सरलं. डुकरांनी भुईमुगाचं एक पीक खाल्लं आणि दुसऱ्यात उतरली. भागूबाई शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवी आणि ओरडे. तिचा आवाज बसला तो बसलाच. बंदूक आपल्या हातून पडली, म्हणून ती तक्रार करत नसे.

पण पत्रं येत राहिली. गेनबा पंधरा दिवसांनी कॅम्पात जाई आणि हासोमल त्याला मोडक्या मराठीत पत्र वाचून दाखवी. कालव्याकाठचं चिंचेचं झाड पडलं. हासोमलच्या घरात आता एक मास्तर राहतात, माणूस चांगला आहे, अंगणातली विहीर त्यानं उपसून घेतली. इमामबख्शच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं. वाचताना हासोमल मधेच थांबे आणि उगाच चष्मा पुसे. गेनबा घरी आला की भागूबाई बसक्या आवाजात आधी लेकीच्या लग्नाचं विचारी आणि मग घोड्याचं.

दुसऱ्या उन्हाळ्यात गेनबा गेला तेव्हा हासोमल काम न करता बसला होता. पुढ्यात एकच पान होतं, अक्षर वेगळं. इमामबख्शच्या थोरल्या मुलानं लिहिलं होतं. तिसऱ्यांदा कराचीहून येताना बापाला ऊन बाधलं, आणि आठ दिवसांच्या तापात ते गेले. हासोमलनं पुढचं सावकाश वाचलं.

"अब्बा हसून म्हणायचे, 'हासूचा हात माझ्यापेक्षा चांगला. असा घोडा तो घरी बसून घडवील. पण मी तसं लिहिलं, तर त्याची पत्रं बंद होतील. म्हणून मी जातो कराचीला.'"

बराकीपुढून एक टांगा गेला. हासोमलनं पानाची घडी घातली.

"शेठ," गेनबा म्हणाला, "म्हंजी ह्यो घोडा तुमाला हितंच करता आला असता?"

"दो दिन का काम," हासोमल म्हणाला. त्यानं मान वर केली नाही. "पहिल्या दिवशीच माहीत होतं. मला लिहायला काहीतरी पाहिजे होतं, गेनबाभाऊ. त्याला इतका त्रास होईल असं वाटलं नाही."

गेनबाच्या डोळ्यांपुढे भुईमुगाची दोन पिकं आली, पुण्याचे हेलपाटे आले, भागूबाईचा घसा आला. तो उठला आणि स्टेशनाकडे चालू लागला. घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "लेकीचं लगीन तरी बघितलं का त्येनं?" गेनबाला ते ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी तो परत गेला. कॅम्पातच ठेवलेल्या बंदुकीला हासोमलनं घोडा घडवून बसवला होता. गेनबानं तो मागं ओढला, चाप दाबला. टक् असा स्वच्छ आवाज आला. पूर्वी कधी इतका नेमका आला नव्हता. हासोमलनं बंदूक फडक्यात गुंडाळायला घेतली. पण गेनबा जागचा हलेना.

"चाप जरा ढिला वाटतोय," तो म्हणाला.

हासोमलनं चाप ओढून पाहिला. मग पुन्हा ओढला. "चाप ठीक आहे."

"ढिला हाय," गेनबा म्हणाला. "त्या पोराला लिहा. कराचीला जाऊ नको म्हनावं. खनात असला चाप हाय का, तेवढं बघून कळव. आन् बहिनीचं लगीन झालं का, त्ये बी इचारा. आमच्या घरात इचारत्यात."

हासोमलनं हातातली बंदूक खाली ठेवली. कागद आणतो म्हणून तो बराकीत गेला, आणि त्याला बाहेर यायला बराच वेळ लागला.